हा नव्हे

मुलाचं नाव एनेबिश.
आधीचं मूल गेलेलं असलं की आमच्याकडे
असं नाव ठेवतात. अर्थ: 'हा नव्हे'.
वाईट काही दाराशी आलं, नाव विचारलं,
तर गोंधळून पुढच्या घरी जावं.
पुढच्या घरी कोण आहे, ते कुणी विचारत नाही.

फिल्मच्या कोपऱ्यात मी नाव टाइप केलं.
वय अडीच. डावं मनगट.

बावीस वर्षं उलानबातरच्या या दवाखान्यात
मी एकच वाक्य बोलते: हलू नका.
मुलं हलतात.
हा हलला नाही.
हात ठेवला तिथे राहिला,
पिळायचा राहून गेलेल्या कपड्यासारखा.

पडद्यावर हाडांची टोकं विस्कटलेली,
रंगाच्या डब्यात विसरलेल्या ब्रशासारखी.
मुडदूस.
डॉक्टरांच्या आधी तो मला दिसतो,
बोलायचं मात्र त्यांनी.

आई बोलत होती, कुणी विचारलं नसताना.
ऑक्टोबरपासून बाहेर नाही काढलं हो त्याला.
धूर असा की कुंपण दिसत नाही,
वर उणे तीस.
पण ऊन देते मी. रोज अकरा ते एक
खिडकीशी बसवते, काचेतून छान येतं.
दूध नको म्हणतो. चहात बुडवून बिस्किट,
शेवयांचं पाणी.
त्रास म्हणून काही नाही त्याचा, बसवलं तिथे बसतो.
याचा बाप हाडाची काडं करतो,
खाणीवरून ट्रक भरून कोळसा आणतो शहरात,
आणि तोच कोळसा...
इथे ती थांबली.

काचेतून उजेड येतो, ऊब येते.
हाडाला हवं ते काचेच्या पलीकडेच राहतं.
हे सांगणं माझं काम नाही.
सांगितलं.

त्याच्या दुसऱ्या मुठीत काहीतरी होतं.
शागाई. मेंढीच्या घोट्याचं हाड, खेळातलं,
टाकलं की कधी घोडा पडतो, कधी उंट,
कधी मेंढी, कधी बकरी.
मी ते मागून घेतलं, प्लेटवर ठेवलं
आणि बटण दाबलं.
नियमात बसत नाही.

पांढरं. कडा सुरीसारख्या.
ही मेंढी जन्मली त्याच दिवशी उभी राहिली असणार,
लडबडत, वाऱ्यात,
मग दगडांवरून वर, दगडांवरून खाली,
दर पावलाला हाडाला दटावत:
नीट धर, पडेन मी.
तोंडात गवत. पाठीवर आख्खं आभाळ.
आणि इथे हा,
तीन थरांत गुंडाळलेला, जपलेला,
त्या मेंढीचं हाड मुठीत घट्ट.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले.
दारात मी म्हटलं, आरूल द्या त्याला चघळायला,
वाळलेल्या दह्याचा खडा, मोठा, गिळता न येणारा,
आणि समोर बसून राहा.
धूर नसेल त्या दुपारी खाली सोडा.
चढू दे, उड्या मारू दे. पडेल.
पडू दे.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मीच त्या वाईटाला
घर दाखवलं होतं.

जूनमध्ये आले.
पाय अजून कंसासारखे,
त्या कंसात एक वाक्य धावत होतं.
गुडघ्यावर खपली, खपलीवर नवी खपली.
खिशात चार शागाई, सगळे मशीनखाली टाकले,
घोडा पडला म्हणून ओरडला.

हलू नकोस, म्हटलं.
हलला.
पाच बोटांची दहा झाली,
मनगट धुक्यात.
पुन्हा घेतला. या खेपेला आईने हात धरला,
आणि हाडाच्या टोकाशी
बारीक पांढरी रेघ, कुणी खडूने
सीमा आखावी तशी.

दुसरा डॉक्टरांकडे गेला.
पहिला पुसायला हवा होता.
अजून आहे यंत्रात.
कोपऱ्यात नाव स्पष्ट उमटलंय,
बाकी सगळं हललेलं.